सव्वा मूठ गहू

“आंदोलन म्हणजे काय, याची आधी व्याख्या करा, बाई,” असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले, तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी बशीत जरा जोरातच ठेवला.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी जळगावच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते, पिंप्राळ्यात एका खोलीत भाड्याने राहत होते आणि फावल्या वेळात पीएच.डी. करत होते. आता फावला वेळ म्हणजे काय चीज असते, ते बाईमाणसाला विचारू नये. माझा विषय होता खानदेशातल्या बायकांचा राजकारणातला सहभाग. सातपुड्याच्या पायथ्याच्या बायका जमिनीसाठी तहसीलवर चालत गेल्या, गावच्या बायकांनी दारूचा गुत्ता बंद पाडला, रिकामे हंडे घेऊन पंचायतीच्या दारात बसल्या, हे सगळं सरांना पसंत होतं. त्यात मोर्चा होता, निवेदन होतं, अटक होती. पण मी एक प्रकरण घरावर लिहिलं होतं. घरात कोणाला मोजतात, कोणाला विचारतात आणि कोणाला नुसतं सांगतात, त्यावर. ते प्रकरण सरांनी मला परत दिलं.

“घरात भांडी आपटली म्हणजे आंदोलन होत नाही,” ते म्हणाले. “संघटना कुठंय? नेतृत्व कुठंय? मागणी कोणापुढे आहे? यात राज्यसंस्था कुठे दिसते?”

“सर, घरात जो ठरवतो तीच घरातली राज्यसंस्था.”

“वाक्य झकास आहे. भाषणात टाका. प्रबंधात चालायचं नाही.”

आणि हसले. सर माणूस वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. हसून पाठ थोपटणाऱ्याशी काय भांडणार? तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी ती तशीच घेऊन घरी आले. येऊन बघते तर खोलीच्या दारात माझा धाकटा भाऊ बसलेला. गावाहून, शिंदखेड्याकडून, सकाळच्या एसटीने निघालेला. चेहरा असा की मला वाटलं, माय गेली.

“माय बरी आहे,” तो म्हणाला. “अक्काला पाठवायचं ठरलं.”

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला पहूरकडे दिली होती. मूल झालं नाही, म्हणून नवऱ्याने दुसरी केली, आणि अक्काला एका दुपारी माहेरच्या एसटीत बसवून दिलं. त्याला बरीच वर्षं झाली. वडील आमच्या लहानपणीच गेले होते, मायचे गुडघे धरलेले. आल्या दिवसापासून घर आणि शेत अक्काने अंगावर घेतलं. भाऊ शेती बघायचा. म्हणजे अक्का करायची आणि हा बघायचा. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणं, बैल, पाणी, सगळं तिच्या डोक्यात. गावात तिला ‘टाकलेली’ म्हणत. तिच्या तोंडावर नाही हो, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण म्हणत.

आता अचानक त्या पहूरवाल्यांना पहिल्या सुनेचा पुळका का आला? तर दुसरीला दिवस गेले होते आणि तिला वैद्याने उठायला बंदी केली होती. सासू थकलेली. घरात राबायला हात हवे होते. तेव्हा त्यांना आठवलं की आपला एक जोड हात शिंदखेड्याकडे पडून आहे. आणि आमच्याकडे भावाच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलीकडच्यांनी विचारलं होतं, ‘बसलेली बहीण कायमची राहणार का?’ झालं. दोन्ही बाजूंनी गाडी जुळली. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, शब्द देऊन टाकला. कानबाईच्या रविवारी पहूरचा जेठ, म्हणजे अक्काचा थोरला दीर, दर्शनाला येईल आणि जाताना सून घेऊन जाईल.

“अक्काला विचारलं?” मी भावाला म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ‘बैलाला विचारलं का?’ असं म्हणाले. मी पिशवी भरली आणि कॉलेजात रजेचा अर्ज टाकून त्याच्याबरोबर निघाले.

आता कानबाईचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाची जाड पोळी. आणि रोटाचा गहू असाच घ्यायचा नसतो, तो मोजायचा असतो. घरातल्या, भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. म्हाताऱ्याची सव्वा मूठ, तान्ह्या पोराची सव्वा मूठ. बायकांची मूठ नाही. बायका तो गहू धुतात, वाळवतात, निवडतात, दळतात, भाजतात. तो दळायचासुद्धा घरच्या घट्यावर, म्हणजे जात्यावर. चक्कीवर न्यायचा नाही, तिथे परक्याचं पीठ लागतं. आणि शिजला की खायचा फक्त कुळातल्या माणसांनी. परक्याला त्यातला कणसुद्धा द्यायचा नाही. म्हणून लग्न न झालेल्या मला तो मिळायचा, आणि लग्न झालेल्या अक्काला नाही. अक्का माहेरी आल्यापासून दर श्रावणात चुलीपुढे बसून रोट भाजायची आणि स्वतः बाजूला बसून भाकरी खायची. मला तो घास गिळताना त्रास व्हायचा. तिला विचारलं की म्हणायची, “जाऊ दे व, गहू तर गहू.”

घरी पोचले तर अक्का ओट्यावर रोटाचाच गहू निवडत होती. शेजारी तिची पत्र्याची पेटी. मायने भरून ठेवली होती.

“जाणार तू?” मी म्हटलं.

“कोन म्हने?”

आमच्या घरात बोलणं सगळं अहिराणीतलं. इथे मी ते बरंचसं सरळ करून लिहितेय. पण काही वाक्यं सरळ केली की त्यातला जीव जातो, ती तशीच ठेवते. तर अक्का म्हणाली, “कोन म्हने?” आणि खडा शोधून अंगणात भिरकावला. मायकडे पाहिलं तर माय पदराने डोळे पुसत होती आणि म्हणत होती, “दिल्या घरी सुखी राहावं, आणखी काय?” म्हटलं, “माय, दिल्या घरात सवत आहे. सुख ठेवायला जागा कुठे?”

मी नानांकडे गेले. नाना ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. माणूस मोठा करारी. मला शिकवलं ते त्यांनीच, माय नको म्हणत असताना हे म्हणाले होते, “शिकू दे पोरीला, डोकं शे तिला.” म्हणून त्यांच्याशी भांडताना माझी जीभ अर्धी आतच राहायची. तरी मी त्यांना कायदा सांगितला. पहिली बायको असताना दुसरी करणं गुन्हा आहे हे सांगितलं. बापाच्या मालमत्तेत मुलीचंही काही असतं हे सांगितलं. पंचायतीत बायकांना राखीव जागा येतायत, काळ बदललाय, हेही सांगितलं.

नानांनी सुपारी तोंडात टाकली. “तू कॉलेजात शिकव. तठे पोरं ऐकतात. इथे घर चालवायचं शे.”

एवढंच. उठून आत गेले. मी ओट्यावर उभी. वर्गात शंभर पोरांना गप्प करणारी बाई, घरच्या ओट्यावर एका अडकित्त्यापुढे गप्प! इतकी चीड आली की वाटलं, घ्यावा तो अडकित्ता आणि फेकावा विहिरीत.

शनिवारी सकाळी नानांच्या घरी गहू मोजायला सगळी भाऊबंदकी जमली. कानबाई थोरल्या घरी बसते, म्हणून सगळं तिथेच. मधल्या खोलीत सारवून, रांगोळी घालून पांढरं धोतर अंथरलेलं. शेजारी निवडलेल्या गव्हाची पाटी. नाना अंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसले. पुरुष भिंतीला टेकून. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दाटीने. काकू, म्हणजे नानांची बायको, घट्याजवळ. त्यांची सून नुकतीच बाळंत झालेली, अजून शिवाशिवीची, म्हणून ती दूर दाराशी पोराला मांडीवर घेऊन.

नाना एकेक नाव घ्यायचे, भरली मूठ धोतरावर सोडायचे, वर पाव मूठ. आधी मागच्या पिढीतले हयात म्हातारे, मग स्वतःची, मग मुलांची, पुतण्यांची. आमच्या भावाची. मग तान्ह्या नातवाची. तेव्हा सगळे हसले, कारण नाना ती मूठ अशी दाबून भरत होते की सव्वाची दोन झाली. मग त्यांनी आणखी एक नाव घेतलं. ते एका चुलतभावाचं. तो पोरगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला होता आणि पुढे त्याचा पत्ताच नव्हता. ना निरोप, ना माणूस.

“नाना, तो तर कुठे आहे तेही माहीत नाही,” मी मुद्दामच म्हटलं.

“म्हणून काय झालं?” नाना ताठ झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एकदा मूठ पडली की पडली. माणूस जिवंत शे तोवर ती मोडता येत नाही. मोडली तर त्याच्या जिवावर येतं. ही काय पंचायतीची मतदारयादी शे का, नाव काढलं नि घातलं?”

पुरुषांनी माना डोलावल्या. मोजणी संपली. नानांनी हात जोडले.

तेव्हा अक्का उठली. रांजणावर जाऊन तिने हात धुतले, पदराला पुसले. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ती मधल्या खोलीत आली, कानबाईच्या जागेला वाकून नमस्कार केला, पाटीतून मूठभर गहू घेतला आणि धोतरावरच्या ढिगावर सोडला. मग वर पाव मूठ. अजिबात घाई नाही.

“हाई मनी मूठ शे,” ती म्हणाली. म्हणजे, ही माझी मूठ.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जो गिल्ला झाला, विचारू नका! “बाटलं, बठ्ठं बाटलं!” कोणीतरी ओरडलं. एक चुलता उठून उभाच राहिला. मायने कपाळाला हात लावला. नाना पाटावरून हलले नाहीत, पण त्यांचा आवाज चढला.

“तुनं लगीन व्हयनं. तुनी मूठ तुना सासरले!”

“तठे बी बायासनी मूठ नही, नाना,” अक्का म्हणाली. “मग मनी मूठ शे कोठे?”

मी राज्यशास्त्र शिकवत होते. नागरिक कोण, हक्क कोणाचे, आणि न्याय मागायचा तर आधी माणूस म्हणून नोंद कुठे व्हावी लागते, यावर मी तासन् तास बोलले होते, फळा भरून लिहिलं होतं. त्या वेळी त्या खोलीत हाच प्रश्न माझ्या बहिणीने स्वतःच्या जिवासाठी विचारला. आपल्याला इथून उपटायचं तर सगळ्यांच्या देखत उपटावं लागेल, हे तिने पक्कं हेरलं होतं.

नानांनी भावाकडे पाहिलं. “काढ रे तिची मूठ.”

भाऊ गायीसारखा गरीब. गुडघ्यावर बसला, ढिगात हात घातला. आणि तिथेच थांबला. गहू तो गहू. अक्काचा दाणा कुठला आणि कोणाचा कुठला, हे ब्रह्मदेवाला तरी कळणार होतं का?

आता माझी जीभ पूर्ण बाहेर आली. “थांब!” मी ओरडले. “कोणाची काढतोयस?”

“अक्काची.”

“कशावरून? तुझ्या हातात आलेली मूठ सुरतेवाल्याची नाही कशावरून? नानांची नाही कशावरून?” आणि मी दाराकडे बोट केलं. “त्या लेकराची नाही कशावरून?”

भावाने हात असा मागे घेतला, जणू विंचू चावला.

“तुझं कॉलेज इथे आणू नको,” नाना म्हणाले.

“कॉलेज नाही, नाना, हा तुमचाच कायदा. आत्ता तुम्हीच सांगितलात, सगळ्यांसमोर. मूठ पडली की पडली, मोडली तर जिवावर येतं. मोडा की मग. पण आधी सांगा, कोणाच्या जिवावर.”

तेवढ्यात दाराशी बसलेली त्यांची सून पोराला छातीशी घट्ट धरून उठली. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीचा आवाज सासऱ्याने ऐकला नव्हता. पदर नाकापर्यंत. ती किंचाळली, “ढिगाले हात लावू नका! कोनीच लावू नका!”

मी तेव्हाही देवभोळी नव्हते, आताही नाही. मुठीने कोणी जगतं-मरतं यावर माझा विश्वास नाही. पण त्यांचा होता. आणि ज्या रीतीने तुम्ही आम्हाला दाबून ठेवता, ती रीत तुम्हालाही बांधते, त्याची किंमत तुम्हाला कधीतरी मोजावी लागणारच. मला तेव्हा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? भयंकर आनंद झाला.

नाना हार मानणाऱ्यांतले नव्हते. जरा विचार करून म्हणाले, “हा ढीग राहू द्या बाजूला. देवीपुढे तसाच ठेवा. रोटासाठी दुसरा गहू घ्या, मी नव्याने मोजतो. आणि या खेपेला उंबऱ्याच्या आत कोणी यायचं नाही.”

वाट बरोबर काढली होती त्यांनी. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. पण घट्याजवळून खडखड झाली. पाहते तर काकूंनी घट्याचा खुंटा उपसला आणि मांडीखाली घेऊन त्यावर बसल्या. खुंट्याशिवाय घट्या फिरवायचा कसा?

“हे काय?” नाना म्हणाले.

“दळनारी मी शे,” काकू म्हणाल्या. “मी हाऊच गहू दळसू. दुसरा दळना व्हई, तर तुम्ही बसा.”

उभं आयुष्य काकू नानांना ‘हो’ म्हणत आल्या होत्या. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. काकूंनी बरोबर नाक धरलं होतं. नानांनी इतर सुनांकडे पाहिलं. एक चुलीकडे पाहत होती, एक छताकडे. कोणी उठली नाही. दळायला हात लावायला एकही तयार नाही!

पुरुष चिडून ओट्यावर जाऊन बसले. मध्येच नानांचा थोरला मुलगा मोठ्या फुशारकीने आत आला. म्हणाला, त्यात काय एवढं, मी दळतो. खुंट्याच्या जागी त्याने बाभळीचं दांडकं ठोकलं आणि दुसरा गहू घालून घट्या ओढायला लागला. दोन फेरे झाले, वरची तळी सरकली, दांडकं निसटलं आणि गडी भिंतीवर आपटला. खाली पडला तो गव्हाचा भरडा, कोंबड्यांना घालायच्या लायकीचा. बायका पदरात तोंड खुपसून अशा हसल्या, अशा हसल्या की मायसुद्धा हसली. रडवेल्या डोळ्यांनी हसली. तो बिचारा कोपर चोळत निघून गेला.

दुपार झाली. रोटाचं पीठ संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं, नाहीतर उद्या कानबाईपुढे ठेवायचं काय? सगळ्या गावात कानबाई बसणार आणि आमच्याच घरात रोट नाही, ही शोभा नानांना परवडणारी नव्हती. शेवटी ते उंबऱ्याशी आले. आत पाहिलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, “दळा.”

काकूंनी खुंटा काढला, ठोकून बसवला. एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला अक्का. पीठ पडायला लागलं. मी त्यांच्यापाशी बसून गहू सारत राहिले आणि सरांचे चारही प्रश्न मला आठवत होते. संघटना? ही उंबऱ्यातली दाटी. नेतृत्व? हिने हात धुतले तेव्हाच ठरलं. मागणी? त्याहून चोख मागणी मी एकाही निवेदनात वाचली नव्हती. राज्यसंस्था बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसली होती.

हे सगळं मी पुढे प्रबंधात लिहिलं. सरांनी ‘कौटुंबिक प्रसंग, वगळावा’ असा शेरा मारला. मी वगळला नाही. सर शेरा मारत राहिले, मी ठेवत राहिले, त्यात वर्ष गेलं. बरोबरचे लोक डॉक्टर होऊन गेले. एक सहकारी म्हणाला, कशाला हट्ट करता, पुढे पुस्तक लिहाल तेव्हा टाका. म्हटलं, का? रोट भाजायचा चुलीपुढे बसून आणि खायची भाकरी, ती रीत इथेही चालवायची? शेवटी बाहेरच्या परीक्षकांनी ते प्रकरण आहे तसं घेतलं. मी डॉक्टर उशिरा झाले, पण आख्खी झाले.

असो. रविवारचं सांगायचं राहिलं, आणि खरी परीक्षा ती होती. कारण मूठ पडली, दळण झालं, तरी नानांचा शब्द पहूरला गेलेला होताच. तो कोणी परत घेतला नव्हता. मायने भरलेली पेटी तशीच होती.

दुपारी कानबाईची आरती झाली आणि रोटाची पंगत बसायची वेळ झाली तेव्हा बाहेर जीप थांबली. पहूरचा जेठ. पांढरे कपडे, हातात नारळ, बरोबर दोन माणसं. जीपच्या मागच्या बाजूला सतरंजी अंथरून जागा केलेली. सून आणि तिची पेटी ठेवायला. नाना बाहेर गेले, रामराम झाला. मी खिडकीशी उभी राहिले. अक्का चुलीपुढे रोट शेकत होती.

“आवरलं का आमच्या सुनेचं?” जेठ म्हणाला. “उन्हं आहेत तोवर निघू.”

नाना खाकरले. पंगतीतले सगळे ऐकत होते, हे त्यांना माहीत होतं. “त्याचं असं आहे,” ते म्हणाले, “तिची मूठ पडली रोटात. आता रोट संपेपर्यंत माणूस घराबाहेर जात नाही. पौर्णिमा होऊ द्या. पौर्णिमेनंतर बघू.”

माझ्या मनातून नाना उतरले. काय पण तोडगा! आज नको, आठवड्याने न्या. कोंबडी आज कापू नका, बुधवारी कापा. जेठालाही ते पटलं. तो म्हणाला, “मग पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जीप आणतो. तेवढं पक्कं समजतो.”

“पक्कं,” असं म्हणायला नाना तोंड उघडणार, तोवर अक्का ओट्यावर आली. हाताला पीठ, कपाळावर घाम, डोक्यावर पदर नीट घेतलेला. हातात ताट. त्यात भाकरी, गंगाफळाची भाजी, कांदा. ते तिने जेठापुढे ठेवलं.

“जेवा, पाहुणा,” ती म्हणाली. “रोट पाहुण्यासले देत नहीत. आनि माले कोठे जानं नही. आज नही, पौर्णिमानंतर बी नही.”

जेठ लाल झाला. नानांकडे वळून म्हणाला, “तुम्ही कर्ते ना घरातले? तुमच्यासमोर बाई अशी बोलते?”

नाना काय बोलणार होते ते कोणालाच कळलं नाही, कारण अक्का उत्तरासाठी थांबलीच नाही. ती आत गेली. पुरुषांची पंगत बसलेली होती, बायका नेहमीप्रमाणे नंतर बसणार होत्या. तिने कोपऱ्यातला पाट उचलला, आमच्या भावाच्या आणि नानांच्या रिकाम्या पाटाच्या मध्ये टाकला आणि त्यावर बसली. भाऊ जरा सरकला. त्याने जागा करून दिली. हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवते. काकूंनी दुरडीतला पहिला रोट काढला, तूप घातलं आणि तिच्या ताटात वाढला. अक्काने तुकडा मोडला आणि खायला लागली.

जेठ उंबऱ्यापर्यंत आला होता. आत यायची त्याला परवानगी नव्हती, रोटाच्या पंगतीत परका माणूस येत नाही. तो तिथूनच ओरडला, “कोणाच्या घरात बसून जेवतेस, त्याचा तरी विचार कर!”

अक्काने तोंडातला घास सावकाश चावला. गिळला. तांब्या उचलून पाणी प्यायली. मग त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

“मना घरमा,” ती म्हणाली, आणि काकूंपुढे ताट धरून दुसरा रोट मागितला.